तेविसावी रांग

वृषालीनं मानहाइमहून नकाशा पाठवलाय
विमानाच्या पोटाचा.
हिरव्या चौकटी मोकळ्या, करड्या गेलेल्या,
आणि खाली तिची टीप:
अकरावीत बसू नका, तिथं खिडकीच्या जागी भिंत आहे.
डावीकडे दिवसभर ऊन.
उजवीकडे घ्या बाबा, दुपारी कॉकेशसचा बर्फ दिसेल.
आणि काही झालं तरी पंखावर नको,
नऊ तास नुसता पत्रा बघत बसाल.

"नुसता पत्रा," हे म्हणाले
आणि चष्मा पुसत बसले.

मग कालच्या पेपरवर ह्यांनी शेंगदाणे मांडले
तीन, तीन, तीन,
मधल्या फटी म्हणजे चालायची वाट.
दोन सांडगी मिरच्या दोन बाजूंना,
ते पंख.
दहाव्या मैलावरच्या आमच्या ओट्याशी
असं एक विमान उभं राहिलं.

मी माझा हक्क सांगून टाकला.
मला बर्फ बघायचाय, फ्रीजच्या बाहेरचा.
डोंगरावर पडून राहतो तेव्हा कसा दिसतो,
दह्यासारखा की चुन्यासारखा,
एवढं मला कळू दे.

हे ऐकत होते, नव्हते.

एकतीस वर्षं ह्यांनी पंख खालून बघितला.
ओझरच्या शेडमध्ये, पाठीवर पडून, तोंडात टॉर्च धरून.
लढाऊ विमानं ती,
त्यांत माझ्यासारखीला जागा नसते.
चाचणीचं उड्डाण असलं
की इकडे मांडणीतली पितळी वाटी किणकिणायची.
मी पोळी उलटायची थांबायचे.
वाटी गप्प झाली, म्हणजे वर गेलं.
पुन्हा किणकिणली, म्हणजे आलं.
पोळी करपलेली असायची, कोणी काही बोलायचं नाही.
मधल्या वेळात हे तिकडे काय करत असतील
ते मी कधी विचारलं नाही.

आज न विचारता सांगितलं:
"मी हात धुवायचो, सिंधू.
साबण लावायचो, परत लावायचो.
वर गेल्यावर पंख लवतो.
किती लवतो तो आकडा मला अजून पाठ आहे.
लवताना मात्र मी त्याला कधी पाहिलेला नाही."

"पण हा पंख काय तुम्ही केलाय?"

"मी नाही. केलाय ना पण कुणीतरी.
तोही हात धूत असेल."

यावर काय बोलायचं.
मी मिरची उचलून सरळ केली, वाकडी पडली होती.
फोनवर जागा धरायला चार मिनिटं उरलेली,
ह्यांचं बोट जाड, नेहमी शेजारच्याच चौकटीवर पडतं,
म्हणून मीच दाबलं.
तेविसावी रांग, उजवी खिडकी.
शेजारची मला.

वृषालीचा लगेच फोन: आई, पंखावर? खिडकी वाया घालवलीत.
म्हटलं, बर्फ काय, दिसेल थोडा पंखामागून.
नाही दिसला तर तुझ्याकडे आहेच की, म्हणतेस ना, डिसेंबरात पडतो.

दिल्लीपर्यंतची खिडकी मात्र माझी.
सव्वादोन तास, ह्यांना पाय लांब करायला कडेची जागा.
त्यात मी खालीच बघणार आहे:
द्राक्षबागांवर ओढलेली प्लॅस्टिकं,
रामशेजचा डोंगर, वरून बहुतेक पाट्याएवढा,
आणि आमची गच्ची.
ती ओळखू यावी म्हणून आज संध्याकाळी
पिवळी चादर अंथरून आलेय,
चार कोपऱ्यांना चार विटा.

ती डावीकडून दिसणार की उजवीकडून,
हे वृषालीलाही सांगता येईना.
हे म्हणाले, धावपट्टीचं तोंड वारा ठरवतो,
आणि वाऱ्याचं सकाळीच कळतं.

म्हणून आत्ता, रात्री साडेअकराला,
मी गच्चीवर उभी आहे, ओलं बोट वर धरून.
खाली हे शेंगदाणे खातायत.
सगळे खाल्ले,
तेविसाव्या रांगेतले दोन ठेवलेत.