भिंत दिसणारी खोली

देवबागला, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर
माझ्या चार खोल्या आहेत.
सोळा वर्षं फोनवर तेच सांगते :
हो, गरम पाणी सकाळी सात ते नऊ.
हो, समुद्र दिसतो, माडांच्या फटीतून.
नाही, सोमवारी मासे नाहीत.

आज फोन मी लावलाय.
किती जण, पलीकडचा मुलगा विचारतो.
एक.
तो जरा थांबतो. मीही थांबले असते.

मुंबईत पैसे देऊन राहायचं
म्हणजे अर्ध्या गावाला उत्तर देणं आलं.
"नणंदेचा घर आसताना लॉज कित्याक गो?"
शेवंतीकाकीने पाटीतली सुंगटं निवडता निवडता विचारलं.
नणंदेचं घर आहेच.
तिथे सोलं न्यायची, कुळथाचं पीठ, सहा नारळ,
आणि रात्री अकरापर्यंत
कोण आजारी, कोण वारलं, कुणाची जमीन कुणी मोजली.
सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा मीच ठेवणार,
कारण मला राहवत नाही.

नकाशावर बोटांनी मुंबई मोठी केली.
दादर नको, भावजय.
गिरगावात मयेकरांचं अख्खं मंडळ.
परळला स्वस्त आहे, पण परळला जाते म्हटलं
की लोक तुमच्याकडे दोनदा बघतात
आणि रिपोर्ट विचारतात.
चाकरमान्यांनी शहर असं भरून ठेवलंय
की अनोळखी व्हायला जागा शोधावी लागते.
शेवटी कुलाबा. मागच्या अंगाची एक गल्ली.

"काम काय काढलंस?" नवऱ्याने विचारलं,
डोकं बोटीच्या इंजिनात.
काही नाही, म्हटलं.
पाना मागितला त्याने, मी दिला.
मग म्हणाला, "जा. पण कोणाक सांगू नको."

"ताई, समुद्राकडची खोली सातशे जास्त."
सातशे!
मी तीनशे लावते, तेही मे महिन्यात, तेही लाजत.
"मागची द्या."
"मागे नुसती भिंत आहे, ताई."
"चालेल. कसल्या रंगाची?"

तो बघायला जातो, फोन टेबलावर ठेवून.
पलीकडे कुणीतरी फरशी पुसतंय,
बादली पुढे सरकते, कडी पडते,
पुन्हा सरकते.

इकडे तीन नंबरच्या दारातून
कऱ्हाडचे पाहुणे : ताई, गरम पाणी?
फोनवर हात ठेवून मी सांगते,
सातला.