एका खेपेत

विश्रामबागेत, शिलाईच्या दुकानावर
दीड खोलीचं आमचं ऑफिस.
खाली काजं-बटनं, वर मी.

बेदाण्याचं ॲप मीच लिहिलेलं.
पान उघडलं की अकरा विचारणा सुटायच्या सर्व्हरकडे:
बॉक्स किती, कोल्ड स्टोअरेज कुठलं, भाडं किती चढलं,
हिरव्याचा भाव, पिवळ्याचा, काळ्याचा,
पट्टी झाली का, पैसे पडले का...
अकरा पोरं, एकच दार वाजवणारी.
इथं फायबरवर
पापणी लवायच्या आत अकराही घरी परत.
मला वाटलं, झालं काम.

मग उमदीहून फोन. महानंदा बिराजदार.
"बाई, तुमचं चाक फिरतंय नुसतं.
चहा उकळून आटला माझा,
चाक फिरतंयच."

गेले. मार्चचं ऊन,
जतच्या पुढं बाभळी आणि त्यांची कंजूष सावली.
शेडात जाळ्यांचे नऊ मजले, त्यांवर सुरकुतत चाललेली द्राक्षं.
रेंज मात्र टाकीच्या शिडीवर, पाचव्या पायरीला.
तिथंही एकच काडी.
एका हातानं शिडी धरून ही बाई
वर्षाच्या पिकाचा भाव बघायची.

मी खाली उभी राहून मोजत होते.
दर विचारणेला तोच नमस्कार, तीच ओळख,
तोच परवाना दाखवणं,
आणि उत्तर काय, तर एक आकडा.
तिसरी वाटेत मरायची, आठवी पोचायची,
चौथी पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात सिद्राम जतला निघाला.
काड्या निवडणाऱ्या बाया हात पुसत उठल्या.
शांतव्वाच्या बीपीच्या गोळ्या,
मोटरचं बुश,
साडीचा फॉल, राणी कलर, नमुन्याला चिंधी,
रेशनकार्डाची झेरॉक्स,
आणि झेरॉक्स झाली तरच पुढं फॉर्म टाकायचा.
एक चिठ्ठी, एक पिशवी, एक एस्टी.
कुणीही पाच वेळा जतला जात नाही
पाच वस्तूंसाठी.

मुक्कामाला तिथंच राहिले. रात्री लॅपटॉपवर
एक पाकीट शिवलं.
आत अकरा चिठ्ठ्या, प्रत्येकीला नंबर.
शिडीवरून पाकीट एकदाच जाईल,
दाराशी ओळख एकदाच सांगेल,
आणि आतल्या घरात, जिथं वारा लागत नाही,
तिथं सर्व्हर स्वतः फिरेल खोल्या-खोल्यांतून.

सकाळी महानंदा पाचव्या पायरीवर चढली.
पान पांढरं.
काळ्याचा सौदा अजून निघाला नव्हता,
आणि मी लिहून ठेवलेलं:
एक चुकलं की सगळंच नामंजूर.
मला तो शिस्तीचा भाग वाटलेला.

तिनं वरूनच विचारलं,
"काल बुश मिळालं न्हाई सिद्रामला.
म्हणून शांतव्वाच्या गोळ्या
दुकानात परत देऊन आला का तो?"

खालच्या बाया हसल्या.
मी शिडीच्या सावलीत बसून सात ओळी खोडल्या.
आता पाकीट परत येतं ते असं:
मिळालं, मिळालं, मिळालं,
हे दुकान बंद, उद्या बघ,
मिळालं.

चाक अजूनही फिरतं,
पण एकदाच. चहा उतू जाण्याआधी थांबतं.

हल्ली महानंदा फोन करत नाही.
महिन्यातून एक आवाजी निरोप पाठवते,
नंबर घालून, एका दमात:
एक, भाडं दोनदा कापलंय, बघ.
दोन, अक्षरं मोठी कर.
तीन, सिद्राम पडला एस्टीतून, बरा आहे.
चार, शांतव्वा तुला विचारते.
पाच, आमरस खायला कधी येतेस.
सहा, रात्री अडीचला ॲप दुरुस्त करतेस, दिसतं मला.
झोप येत नाही का तुला?

पाचांची उत्तरं मी एकाच खेपेत पाठवली.
सहावी चिठ्ठी
अजून माझ्या पिशवीत आहे.