सात डबे

आक्काताईच्या गच्चीवर सात डबे आहेत,
गोडेतेलाचे, पंधरा किलोचे,
बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले.
सातांत सात झाडं तंबाखूची.
खाली निपाणी,
आणि मागच्या गल्लीत तिची बंद वखार,
जिच्या फाटकावर एकच नाव दोन लिप्यांत लिहिलंय,
दोन्हींकडं सारखंच उडालेलं.

एकतीस वर्षं तिनं तंबाखू चाळली.
नाकाला पदर, भुवयांवर पिवळी धूळ.
शेजारच्या चाळणीवर संकेश्वरची शिवव्वा.
ती म्हणायची होगेसोप्पु, ही म्हणायची पाला,
आणि शिंक दोघींना एकाच वेळी यायची.
फूल मात्र दोघींनी कधी पाहिलं नव्हतं.
शेतात कळी दिसली की शेंडा खुडतात,
ताकद पानात उतरावी म्हणून.
वखारीत येतो तो नुसता चुरा,
त्याला कशाचं फूल.

निवृत्तीनंतर लोक तुळस लावतात, मोगरा लावतात.
हिनं विक्सच्या डबीतून बी आणलं,
पोस्तापेक्षाही बारीक.
राखेत मिसळून पेरलं,
नाहीतर फुंकरीनं जातं म्हणाली.

पहिल्या वर्षी मी हौसेनं
दवात भिजलेली पानं उघड्या हातांनी तोडली.
अर्ध्या तासात गच्ची तिरकी झाली,
पाण्याची टाकी सरकत सरकत माझ्याकडं आली.
आक्काताईनं लिंबू कापलं.
"खाल्ली न्हाईस, ओढली न्हाईस,
नुसता हात लावलास," म्हणाली,
"आम्ही तर तिच्यात राहिलो की गं."

पानावर तांबूस ठिपके आले की कापायचं.
मग दोरीवर, साड्यांच्या शेजारी.
मग गुळाचं पाणी शिंपडून
गोणपाटात बांधून खाटेखाली.
रोज रात्री ती हात घालून ऊब बघायची,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
महिन्याभरानं तवा, पाटा, मलमलचं फडकं,
थेंबभर तूप.
जेमतेम एक डबी तपकीर.

ती स्वतः ओढत नाही.
बेळगावच्या डॉक्टरनं उजेडासमोर धरलेला
तिच्या छातीचा फोटो मीही पाहिलाय.
मी विचारलं, मग कशाला हा उद्योग?
"हाताला येतंय म्हणून," म्हणाली.
आणि दर संक्रांतीला ती डबी
सात वाजताच्या गाडीच्या कंडक्टरजवळ:
संकेश्वर, स्टँडमागं, शिवव्वाला.
परत येताना डबीत कधी ओवा, कधी तीळ,
एकदा नुसतीच एक हिरवी बांगडी.

यंदा डबी आली तशीच आली.
दोरा आक्काताईनंच बांधलेला, गाठ तीच.
कंडक्टर काही बोलला नाही.
सुटे पैसे परत द्यावेत तशी
त्यानं ती तिच्या हातावर ठेवली
आणि बेल मारली.

जूनमध्ये तिनं पुन्हा पेरलं. मला वाटलं नव्हतं.
पाणी घातलं, अळ्या वेचल्या,
कागदावर घेऊन शेजारच्या पडक्यात सोडल्या.
पण शेंडे खुडायची वेळ आली
तेव्हा ती गच्चीवर गेली आणि तशीच खाली आली,
नखं स्वच्छ.
मी म्हटलं, आक्का, पानं वाया जातील.
"जाऊंदेत."

आता सातही डबे फुलावर आहेत.
नळीसारखी लांबट, फिकट गुलाबी फुलं,
वास संध्याकाळी उशिरा सुटतो,
तंबाखूचा नव्हे,
कुठला ते मला सांगता येत नाही.
काल एक मोठा पतंग आला, करड्या पंखांचा,
हवेत एका जागी थरथरत उभा राहिला
आणि लांब सोंड घालून
एकेक फूल बघत गेला, घाई नसल्यासारखा.

आक्काताई उलट्या बादलीवर बसली होती.
मला वाटलं खोकेल. खोकली नाही.
"हूवु," ती म्हणाली, कन्नडमध्ये,
माझ्याकडं न बघता.
मग जरा थांबून, "बघ की."