सोमवारचा वारा

पाळक ट्रॉटमन काल व्यासपीठावरून म्हणाले,
पतंग वर जातो, तसा प्रभू उठला.
तिसऱ्या बाकावर मी चष्मा पुसत बसले.
पतंगाला वारा लागतो, पाळक,
दोरा लागतो, खाली कुणीतरी ओढणारं लागतं,
आणि पाच वाजता तो विजेच्या तारेत लटकतो.
प्रभूचं असं काही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तोंडावर बोलले नाही.
वयानं एवढं शिकवलंय.

आमचे वडील डिकन.
बर्बीसच्या किनाऱ्यावर, भातखाचरांमागे,
खांबांवर उभं लाकडी चर्च,
त्याची किल्ली त्यांच्या कमरेला.
उत्तम शुक्रवारी घरात केरसुणी नाही, सुई नाही, हसू नाही.
शेजारच्या बायका भर दुपारी
पेल्यातल्या पाण्यात अंड्यातलं पांढरं सोडत,
उन्हात ठेवत आणि वाट बघत.
गलबत उमटलं तर परदेश,
शवपेटी उमटली तर कुणी बोलत नसे.
वडील म्हणत, तो तिकडे खिळ्यांवर लटकलाय
आणि यांना लंडनची बोट हवी!

आईनं एकदा गुपचूप ठेवला होता पेला,
चुलीमागच्या खिडकीत.
मला विचाराल तर त्यात काही नव्हतं. ढग.
ती मात्र बराच वेळ बघत राहिली.

लॅम्बर्टनं, माझ्या धाकट्या भावानं,
नारळाच्या हिरांचा सांगाडा केला,
भोकराच्या चिकानं कागद डकवला,
शेपटीला आईच्या झग्याच्या चिंध्या,
आणि माथ्यावर ती कागदी जीभ
जी वाऱ्यात गुरगुरते.
वडिलांनी तो गुडघ्यावर घेऊन मोडला.
रागानं नव्हे, सावकाश, एकेक हीर,
आणि चुलीत सारला.
म्हणाले, थडग्यावरची धोंड सरकली
ती कागद उडवायला नव्हे.
लॅम्बर्ट रडला नाही. टोरांटोला गेला.
मध्ये अकरा वर्षं होती,
पण मला ते एकाच दुपारी झाल्यासारखं आठवतं.

आता सत्तरीत वाटतं,
वडील आणि ट्रॉटमन एकाच माळेचे मणी.
एकाला पतंगात सैतान दिसला, एकाला देव.
हीर आणि कागद
नुसते हीर आणि कागद असू शकतात,
हे दोघांनाही झेपलं नाही.

आज समुद्रभिंतीवर जागा नाही उभं राहायला.
पंडितजी धोतराचा सोगा खोचून फिरकी धरून उभे,
शफीका बीबी नातवंडांवर ओरडतेय,
ट्रकवर कर्णे, कर्ण्यांत धिंगाणा,
रमच्या बाटल्या बर्फात उताण्या.
काल चर्चमध्ये एकोणतीस माणसं होती.
मी मोजली.
खुपतं ते. खोटं कशाला बोलू?

पण भिंतीच्या टोकाला एक बाई कोळशावर मासे भाजतेय,
आणि तो वास आला की मला आठवतं,
उठल्यावर त्यानं प्रवचन नव्हतं केलं.
किनाऱ्यावर निखारे फुलवले होते,
आणि रात्रभर रिकामं जाळं ओढून आलेल्यांना म्हणाला होता,
या, आधी खाऊन घ्या.

झालं! मीही ट्रॉटमनच निघाले.
मासा माशासारखा खाऊ द्या मला,
काटे काढत, बोटं चाटत.

तमीका धावत येते, भावाची नात, सुट्टीवर आलेली.
आजी, धर जरा, मला शू लागलीये.
दोरा माझ्या हातात देऊन पसार.

केवढी ओढ आहे याला!
तर्जनीला काप पडतो, गरम.
वर ती जीभ गुरगुरतेय,
काय म्हणते, कुणाला, ठाऊक नाही.
मी थोडा दोरा सोडते.
अजून थोडा.

तमीका परत आलीये,
गर्दीत मला शोधतेय, उलट्याच दिशेला.
मी हाक मारत नाही.