चौतीस नंबर

हेल्मेट सोडलं तर त्याचं सगळं माझ्या हातून गेलं.
जर्सी, मोजे, मांडीचे पट्टे.
मेडो क्रीक कॉलेजच्या तळघरात
बॉयलरशेजारी माझी दोन यंत्रं, एक दगडी हौद,
आणि शनिवारची रात्र.

चाळीस हजार माणसं त्याला वरून बघायची.
मी बघितला आतून, उलटा करून.

पहिल्या वर्षी नुसतं गवत.
टॅड वोयचिक, ओहायोतल्या कोळसा-धुलाईच्या
मुकादमाचा पोरगा, पडायचा तोही पुढेच;
गुडघ्यावर हिरवं, कोपरावर हिरवं,
पाठ मात्र परीटघडीची.
मागून धरणारा कुणी जन्मालाच आला नव्हता.

दुसऱ्या वर्षी चुना आला.
शेवटच्या रेषेचा पांढरा चुना, छातीवर, आडवा.
एका हंगामात अठरा वेळा.
बँकेनं त्याचं कॅलेंडर काढलं,
न्हाव्यानं पैसे घेणं सोडलं,
पाद्री रविवारी आधी स्कोअर सांगायचा, मग प्रार्थना.
गावानं डोक्यावर घेतलं त्याला.
त्यानंही गावासाठी जे घ्यायचं ते
डोक्यावरच घेतलं.

जर्सी तो स्वतः आणून द्यायचा.
‘मिस ओपल, आज जरा जास्त मळलीय.’
चौथ्या वर्षीच्या नोव्हेंबरात दिली, जिना चढून गेला,
आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली.
उघडा, काकडलेला, हात पुढे केलेले, रिकामे.
‘मिस ओपल, आज जरा जास्त मळलीय.’

मी कोच हॅस्केटना सांगितलं.
ते म्हणाले, तुम्ही डाग बघा.

मी डाग बघितले. आणखी एकतीस वर्षं.

तो शिकागोला गेला, दोन हंगाम, त्यातला दीड बाकावर.
मग ट्रॅक्टरची एजन्सी.
आधी फोटो दाखवून ट्रॅक्टर विकायचा,
पुढे फोटोच विकायला लागला,
सहीसकट, पाच डॉलरला.

चौतीस नंबर आता कुणी घालत नाही.
काचेच्या पेटीत टांगलाय,
शेवटच्या सामन्याची जर्सी, मुद्दाम न धुतलेली.
समारंभाला मलाही बोलावलं.
बँड वाजला, माणसं उभी राहिली.
मला दिसली काखेतली पिवळी कड.
हात शिवशिवले नुसते.

डोरीन त्याला कोपराला धरून आणत होती,
काठोकाठ भरलेली बादली आणावी तशी,
हिंदकळू नये म्हणून बेतानं.
माझ्यासमोर थांबला.
बघत राहिला.
मग गुंड्या काढायला लागला, एकेक करून.
‘टॅड, अरे टॅड,’ डोरीन म्हणतेय,
फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला,
तेवढी माणुसकी त्याच्यात होती.
शर्ट काढला, माझ्या हातांवर ठेवला.
‘मिस ओपल, आज जरा जास्त मळलीय.’

मळलीय म्हणाला. मळलाय नव्हे.
शर्ट होता तो, पांढरा, लग्नाकार्यात घालायचा.

घरी आणला.
कॉलरवर मोहरीचा डाग, नखाएवढा.
त्याला गरम पाणी लावलं की पक्का होतो.
थंड पाण्यात घातला रात्रभर.
वाळवला, इस्त्री केली,
आणि सवयीनं, कॉलरच्या आतल्या बाजूला,
शाईनं घातलं: ३४.