भिंत चावते

असोळण्याला, साळ नदीच्या अलीकडे,
पिएदादबायचा क्लेओफास बोटीवरून उतरला
तो पासष्ट इंचांचा खोका घेऊनच.
"सगुण, टीव्ही भिंतीला टांगायचा. शनिवारी फायनल.
वायर एकसुद्धा दिसता कामा नये."

खोक्यातून काळी दोरी निघाली,
करंगळीपेक्षा बारीक, लवचिक, गोंडस.
म्हणाला, हीच घाल आत, वरून प्लास्टर मार, झालं.

मी म्हटलं, ही उघड्यावरची जात.
हिला वारा हवा,
वेळ आली तर हाताने उपटता आली पाहिजे.
पुरलीस तर तापत राहील मुकाट,
आणि तू तेव्हा सुएझमध्ये असशील.

"आमचा चीफ असाच बोलतो."
"ऐकतोस ना त्याचं?"
"ऐकावंच लागतं."

मग खडूने आखलं.
बोर्डापासून सरळ वर, तिथून काटकोनात आडवं.
तिरकं नाही, कितीही वायर वाचली तरी नाही.
उद्या कुणीतरी खिळा मारणारच,
कॅलेंडरसाठी, लग्नाच्या फोटोसाठी,
त्याला कुणाला न विचारता कळलं पाहिजे
कुठे मारायचा नाही.

मेन बंद केला. टेस्टर लावला. पुन्हा लावला.
छिन्नी चिऱ्यात शिरली, लाल पीठ उडालं,
भुवया, चहाचा कप, क्लेओफासचे पांढरे बूट.
चिरा सच्छिद्र, पाव्यासारखा,
पावसाळ्यात ओल पितो आणि मार्गशीर्षापर्यंत विसरत नाही.

छातीच्या उंचीवर छिन्नी मऊ कशाला तरी लागली.

जुनी दुहेरी वायर. तिरकी.
आल्ताराच्या दिव्याकडे निघालेली, जवळच्या वाटेने.
आवरण सुक्या बांगड्याच्या कातडीसारखं,
बोट लावताच भुगा.
मधेच जोड, वर कापडी पट्टी,
आणि पिळा उलटा.
डाव्या हाताचा.

मी डावरा आहे.

एकोणीस वर्षं झाली.
परमिट नव्हतं, मिसरूड नव्हतं,
बाबलमेस्त स्कूटरवर किक मारत ओरडत होता,
आटप रे, अजून दोन घरं आहेत.
मी आटपलं होतं.

"वण्टी चाबता," पिएदादबाय सांगायची,
दर जुलैत, आल्तार पुसताना.
नवरा म्हणाला, वय झालं तुझं.
डॉक्टरने गोळ्या दिल्या, पिवळ्या.
पाद्रीने येऊन भिंतीवर तीर्थ शिंपडलं,
भरपूर. आधीच ओल्या भिंतीवर.
आणि मी या घरी फ्यूज बदलायला चारदा आलो,
चारदा ऐकलं, आणि चहा पिऊन गेलो.

आता पाइप घातला,
त्यात तांब्याच्या तीन तारा, हिरवी अर्थिंगची धरून.
टीव्हीमागे पेटी, पेटीत सॉकेट,
काळी दोरी तिथल्या तिथेच, उघडी, वीतभर.
सिग्नलच्या केबलला वेगळी वाट,
दोघींची गाठ पडू द्यायची नसते.
मेनपाशी एक नवा राखणदार बसवला,
गळती लागली की माणसाआधी तोच पडतो.
बटण दाबून पाडून दाखवला.
वीज खात्याच्या कागदावर सही केली,
खाली परमिट नंबर, नीट वाचता येईल असा.

बिलात शेवटची ओळ:
जुनी वायर काढली, रुपये शून्य.
"हे फुकट का?" क्लेओफासने विचारलं.
उत्तर मी त्याला दिलं नाही,
स्वयंपाकघरात गेलो, तिला दिलं.
ती कांदा कापत होती.
कापून संपवला.
मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."
एवढंच. पोराला हाक मारून
पुन्हा एकदा म्हणाली, मोठ्याने.

फायनल कोण जिंकलं ठाऊक नाही.

जुलैत मुद्दाम गेलो. बाहेर धो धो.
टीव्हीवर कुठलासा स्वयंपाक चालू, आवाज बंद.
तिने माझ्यादेखत तळवा भिंतीला लावला,
लावूनच ठेवला.
"नाही चावत," म्हणाली.
आणि थोड्या वेळाने,
"जरा चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं रे."