एक वजा

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथ गप्प, भट्टी गप्प,
समोरच्या वेल्डरचं कुत्रं तेवढं पत्र्याच्या सावलीत
पाय चाटत बसलंय.
मी माळ्यावर, अप्पांच्या तेलकट टेबलापाशी,
माहितीपुस्तिकेतलं एक वर्ष खोडायला.

पान चौऱ्याण्णव, तक्ता तिसरा:
फाइलीच्या अंगावर किती जुनी आणि किती पुढची तारीख बसते
त्याच्या दोन कडा.
अलीकडची, एकोणीसशे एक.
पलीकडची, पंचवीसशे चौदा.
सहा वर्षं लोक हे पान वाचताहेत. मीही वाचलंय.
कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते भुदरगडकडच्या दस्तांचं.
मोडीतले कागद, अठराशे ब्याण्णव, शहाण्णव, नव्याण्णव.
रुक्साना मुजावरनं स्कॅन केले,
प्रत्येकाला त्याची खरी तारीख घालत गेली
आणि सगळे कागद एकाच रात्री जन्मले.
चौदा डिसेंबर एकोणीसशे एक,
सव्वादोन वाजून बावन्न सेकंद.
"ताई, ह्याच्या खाली काय उतरंनाच झालंय."
कड आहे ती, म्हटलं. बरोबर आहे.
खालची बरोबर म्हणताना
वरची मोजून बघावीशी वाटली.

चौतीस बिट.
पाचशे चव्वेचाळीस वर्षं आणि काही महिने.
कुणीतरी ती सत्तर सालापासून मोजली होती.
सत्तरला शून्य आहे, खरंय.
पण शून्य म्हणजे टोक नव्हे.

अप्पांची सहा इंची पट्टी खणात आहे अजून,
टोक झिजून नखासारखं गोल झालेलं.
आठवीत होते. बुश मोजायला सांगितलं होतं.
"टोक गेलंय, एकावरनं लाव."
लावली. अडीच आलं. अडीच सांगितलं.
इलाही मिस्त्रीनं बार अडीचला कापला.
अप्पा ओरडले नाहीत.
जादाचा तुकडा छाटला आणि माझ्या तळहातावर ठेवला, गरम.
"एकावरनं मोजलंस न्हवं?
मग एक वजा कोण करणार, म्हापालिका?"

अडुसष्ट वजा.
चोवीसशे शेहेचाळीस, दहा मे, ग्रीनविचची रात्र.
इथं तोवर अकरा तारीख लागलेली,
पहाटेचे चार वाजून आठ मिनिटं,
गंगावेशीत म्हशी आणून बांधायची वेळ.
म्हशी असतील का, वेस असेल का,
तक्त्यात तो रकाना नाही.

(अप्पा एकाहत्तराव्या वर्षी गेले.
अडुसष्टाव्या गेले असते तर
हे लिहायला सोपं गेलं असतं.)

पुण्याहून ऋतुध्वज आगाशे कळवतात:
पाचशे वर्षांनी कोण बघायला येणार आहे?
पुढच्या आवृत्तीत घेऊ.
मी लिहिलं, पाचशे नव्हे साहेब, चारशे वीस.
आकडा मुद्दाम काढला नाही,
वजाबाकीत तोच आला.
आणि खाली तळटीप जोडली:
जुन्या डिस्कवर, जिथं इनोड लहान आहे,
तिथली कड अडतीस सालातच आहे,
एकोणीस जानेवारी, आपल्या सकाळी पावणेनऊच्या आत.
ती बघायला रुक्सानाची पोरगी असेल,
शाळेला निघालेली.
त्यावर अजून उत्तर नाही.

रुक्सानाला सांगितलं, खरं साल फाइलीच्या नावातच लिही,
नावाला कड नसते.
ती म्हणाली, "मग आधीच सांगायचं की."

खोडलं. लिहिलं. जतन केलं.
शेवटचा बदल, आज, दुपारी तीन सतरा.
ही तारीख मात्र लगेच बसली.
वाऱ्यानं पानं उडू लागली तशी
वर तो इंचभर तुकडा ठेवला,
कापल्या बाजूला अजून करवतीचे दात दिसतात.